मामांचा सेलफिश: ३जी गेल्यावर एका वेगळ्या फोनचं काय झालं

२०२०च्या जूनमध्ये एका रात्री साडेअकराला सांगलीहून मामांचा फोन आला. मामींची शुगर एकदम खाली गेली होती, घाम फुटला होता. साखरपाणी दिलंय, पुढे काय करायचं तेवढं डॉक्टरांना विचारून सांग, म्हणाले. मी इथे पुण्यात ओळखीच्या डॉक्टरांना उठवलं, विचारलं आणि पाच मिनिटांत मामांना उलटा फोन लावला. ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राबाहेर आहे.’ पुन्हा लावला, पुन्हा तेच. मामा त्या वेळी पलंगाच्या कडेला फोन हातात धरूनच बसले होते आणि पडद्यावर ४जीच्या काड्या भरलेल्या होत्या. चौथ्या खेपेला रिंग गेली. मामी तासाभरात सावरल्या.

त्या तीन न लागलेल्या फोनांचं कारण शोधता शोधता जे हाती आलं ते इथे सविस्तर मांडतो आहे. असे, अँड्रॉइड आणि आयफोन सोडून वेगळ्याच प्रणालीचे फोन वापरणारे आपल्याकडे थोडे आहेत, पण आहेत, आणि दुकानात त्यांना एकच उत्तर मिळतं: फोन बदला.

मामांचा फोन म्हणजे इंटेक्सचा ॲक्वा फिश. जुलै २०१६ मध्ये तो ५,४९९ रुपयांना विक्रीला आला. पाच इंची पडदा, २ जीबी रॅम, दोन सिम, ४जी. त्यावर अँड्रॉइड नव्हतं; फिनलंडच्या योला कंपनीची सेलफिश प्रणाली होती. नोकियाने आपल्या मीगो प्रणालीवर पाणी सोडल्यावर तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २०११ मध्ये ही कंपनी काढली. योलाचा स्वतःचा फोन २०१४ मध्ये आपल्याकडे स्नॅपडीलवर १६,४९९ रुपयांना मिळत होता. मामांनी तो बघितला आणि सोडून दिला. निवृत्त माणसाने एवढे पैसे फोनवर घालायचे नाहीत, हा त्यांचा हिशेब. इंटेक्सचा आला तेव्हा मात्र त्यांनी मला तो मागवायला लावला.

मामा टेलिफोन खात्यातले. नोकरी जुन्या यांत्रिक क्रॉसबार एक्स्चेंजवर सुरू झाली आणि देशी इलेक्ट्रॉनिक सी-डॉट एक्स्चेंजवर संपली. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते दिसलं पाहिजे, हा त्यांचा जन्माचा हट्ट. सेलफिश लिनक्सवर उभी आहे. तिच्यात टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून फोन आत्ता कुठल्या टॉवरला धरून आहे ते वाचता येतं, गूगलचं खातं काढावं लागत नाही, हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी लिनक्सच्या आज्ञा लिहून ठेवायला वेगळी वही केली. या फोनवर त्यांचा जीव आहे आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

ॲक्वा फिश आला आणि दोनच महिन्यांत, ५ सप्टेंबर २०१६ला, जिओ सुरू झालं. तिथेच या फोनचं नशीब फिरलं. जिओकडे २जी किंवा ३जीचं जाळं नव्हतंच, सगळं ४जी. इंटरनेटही त्यावर आणि बोलणंही त्यावरच. सेलफिशला मात्र ४जीवर फक्त इंटरनेट येत होतं, बोलणं येत नव्हतं. देशात घरोघरी नवं सिम आलं आणि नुकताच आलेला हा ४जी फोन त्या सिमवर कॉल घेऊ शकत नव्हता.

हे कळायला ४जीवर बोलणं म्हणजे काय ते पाहावं लागतं. मामांना समजावताना मला सोपं गेलं, कारण अर्धं ते स्वतःच बोलले. जुन्या पद्धतीत, म्हणजे लँडलाइनपासून ३जीपर्यंत, दोघं बोलत असेपर्यंत त्यांच्यासाठी वाट राखून ठेवलेली असते. पूर्वी ती खरी तांब्याची तार होती, नंतर तिचा वेळेनुसार वाटून दिलेला हिस्सा, पण लाइन ती लाइनच. ४जीमध्ये अशी लाइन ठेवलेलीच नाही. तिथे सगळंच इंटरनेटसारखं पाकिटांतून जातं, आवाजसुद्धा. ‘म्हणजे एक्स्चेंजच काढून टाकलं की रे,’ मामा म्हणाले. काढलं नाही, संगणकात नेलं. त्या नव्या एक्स्चेंजला आयएमएस म्हणतात आणि त्यावरून बोलण्याला व्होएलटीई.

फोनच्या बाजूने बघितलं तर फरक याहून मोठा आहे. जुन्या पद्धतीत फोनमधली प्रणाली मोडेमला, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या चिपला, एका ओळीची आज्ञा देते: एटीडी, पुढे नंबर, शेवटी अर्धविराम. तो अर्धविराम असला की मोडेम समजतो, आवाजाचा कॉल आहे. पुढचं सगळं मोडेम आणि टॉवर आपसात बघून घेतात. म्हणून अँड्रॉइड असो, सेलफिश असो की कुणी घरी जुळवलेला फोन असो, सिम घातलं की कॉल लागायचा. व्होएलटीईत फोनला आधी आयएमएसमध्ये स्वतःची नोंदणी करावी लागते, सिममधल्या गुप्त किल्लीने ओळख पटवावी लागते, आवाजासाठी वेगळी राखीव वाहिनी मागावी लागते. त्यात प्रत्येक कंपनीच्या सेटिंगा वेगळ्या आणि त्यांच्या फाइली मोडेममध्ये आधीच भरलेल्या असाव्या लागतात. अँड्रॉइड फोनांत या कामाचा काही भाग मोडेममध्ये असतो, काही भाग चिप बनवणाऱ्यांच्या बंदिस्त प्रोग्रॅममध्ये. तो प्रोग्रॅम अँड्रॉइडच्या वरच्या थरात बसतो. सेलफिश आणि उबुंटू टच (अशीच आणखी एक लिनक्सवाली प्रणाली) अँड्रॉइडचा फक्त खालचा थर उसना घेतात, कॅमेरा, पडदा, रेडिओ चालवण्यापुरता. वरचा थर त्यांच्याकडे नसतोच. मग बोलण्याचं ते काम स्वतः नव्याने लिहावं लागतं, तेही प्रत्येक चिपसाठी निराळं. योलाने ते २०२२मध्ये सोनीच्या काही एक्स्पिरिया मॉडेलांसाठी केलं. ॲक्वा फिशच्या वाट्याला ते आलं नाही.

वेगळी प्रणाली म्हटली की व्होएलटीई जमणारच नाही, असं मात्र कुणी समजू नये. २०१७च्या जुलैमध्ये जाहीर झालेला, दीड हजार रुपये अनामत घेऊन दिलेला जिओफोन कायओएसवर चालत होता. कायओएस म्हणजे मोझिलाच्या सोडून दिलेल्या फायरफॉक्स प्रणालीचा पुढचा अवतार. त्या बटणांच्या फोनवर व्होएलटीई पहिल्या दिवसापासून चाललं, कारण जाळं ज्यांचं होतं त्यांनीच तो फोन बनवून घेतला होता. सेलफिशमागे असं कुणी उभं नव्हतं.

मामांनी जिओचं सिम इंटरनेटपुरतं घेतलं आणि स्वतःचा जुना नंबर दुसऱ्या एका कंपनीत ठेवला. कुठली ते इथे लिहीत नाही. त्या कंपनीकडे तेव्हा २जी, ३जी आणि ४जी तिन्ही होतं आणि त्यामुळे चार वर्षं काही अडलं नाही. फोन ४जीवर बसलेला असायचा. कॉल आला की टॉवर त्याला सांगायचा, खाली उतर. फोन ३जीवर उतरायचा, बोलणं व्हायचं, पुन्हा वर चढायचा. ३जीवर बोलता बोलता इंटरनेटही चालू राहायचं. व्होएलटीई सर्वत्र होईपर्यंतची ही तात्पुरती सोय, मोठ्या कंपन्यांनी जगभर वापरलेली.

मग ३जी बंद होऊ लागलं. एअरटेलने २०१९च्या मध्याला कोलकात्यापासून सुरुवात केली आणि २०२०च्या मार्चपर्यंत देशभर ते संपवायचं ठरवलं; मोकळ्या झालेल्या लहरी ४जीला दिल्या. २जी मात्र ठेवलं, कारण बटणांचे फोन वापरणारे कोट्यवधी लोक त्यावर होते. इतर कंपन्याही टप्प्याटप्प्याने त्याच वाटेने निघाल्या. जिन्याची मधली पायरी निघाली. फोनला आता चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारावी लागते.

मामांच्या फोनचं दुखणं लॉकडाउनच्या ऐन दिवसांत सुरू झालं ते यामुळेच. कॉल चालू असताना इंटरनेट बंद. कॉल संपल्यावर पडद्यावर ‘ई’, म्हणजे २जीच्या संथ इंटरनेटची खूण, तशीच अडकून, कधीकधी पाच-दहा मिनिटं. हे दोन्ही मला लगेच उमगलं. कॉल लागतच नाही याचं कोडं मात्र सुटेना. कंपनीच्या मदत क्रमांकावर तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा समोरच्या मुलाने फोनचं नाव विचारलं, ते त्याच्या यादीत सापडलं नाही आणि तो म्हणाला, ‘काका, तुमचा फोन व्होल्टी नाहीये, नवीन घेऊन टाका.’ फोन व्होएलटीई नाही हे खरंच होतं. पण तीच कंपनी २जीच्या बटणफोनाला रिंग पोचवत होती. मग याला का नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं.

उत्तर मामांच्या वहीने दिलं. टेलिफोन खात्यात दर तक्रारीचं डॉकेट निघायचं. त्या सवयीने त्यांनी घरच्या न लागलेल्या कॉलांची नोंद ठेवली होती: तारीख, वेळ, कुणी केला होता, आणि त्या वेळी आपण घरात कुठे होतो. शेवटचा रकाना माझ्या डोक्यात कधीच आला नसता. दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा ती वही घेऊन आम्ही ओसरीवर बसलो. गच्चीवर असताना न लागलेला कॉल एकही नाही. मागच्या खोलीतले जवळजवळ सगळे.

रेंज कमी म्हणावी तर मागच्या खोलीत काड्या भरलेल्या. मग मी फोन मुद्दाम २जीवर अडकवला आणि टर्मिनलमध्ये ओफोनोला विचारलं, आत्ता कुठल्या विभागात आहेस? ओफोनो म्हणजे सेलफिशमध्ये मोडेमशी बोलणारा कारकून. गच्चीवर एक आकडा आला. मागच्या खोलीत दुसराच. मामांनी दोन्ही वहीत मांडले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ‘घर हद्दीवर आहे.’

तेच होतं. फोन कुठे आहे हे जाळ्याला टॉवरगणिक माहीत नसतं, विभागागणिक माहीत असतं. ४जीचे विभाग वेगळे, २जीचे वेगळे. फोन ४जीच्या अमुक विभागात असला तर तो २जीच्या तमुक विभागात आहे असं धरायचं, ही जुळणी कंपनीने आधी करून ठेवलेली असते. कॉल आला की फोन खाली उतरतो आणि धरलेल्याच विभागाचा टॉवर त्याला सापडला तर लगेच रिंग वाजते. मागच्या खोलीत त्याला शेजारच्या विभागाचा टॉवर जोरात ऐकू येत होता. तिथे उतरल्यावर आधी ‘मी इथे आलोय’ अशी नव्याने नोंद करणं भाग, आणि ती होईपर्यंत वर वाट बघणाऱ्या कॉलचा धीर सुटलेला. माझ्या कानात ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. ३जी असताना उतरायला दुसरे टॉवर होते, म्हणून ही हद्द कधी आडवी आली नव्हती.

हे कळल्यावर उपाय शोधायला एक दुपार पुरली. पहिला विचार, नंबर सरळ २जीवर अडकवून ठेवायचा. कॉल पटापट लागू लागले, पण इंटरनेट मुंगीच्या पावलाने. मामींसाठी औषधाच्या दुकानाची साइट उघडेपर्यंत चहा निवला. दुसरा विचार, मामांचा नंबर छोट्या व्होएलटीई बटणफोनात घालायचा आणि सेलफिश फक्त इंटरनेटपुरता ठेवायचा. हा मार्ग पक्का आहे आणि ज्यांना धोका नको त्यांनी तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मामांनी ऐकून घेतलं. ‘दोन फोन खिशात घेऊन फिरायला मी काय लाइनमन आहे का?’

तिसरा मार्ग फोनमध्येच होता. दोन सिमचे दोन कप्पे. जिओचं इंटरनेटचं सिम पहिल्या कप्प्यात, ४जीवर. मामांचा नंबर दुसऱ्यात, कायमचा २जीवर. आता नंबरला वरून खाली उतरावं लागतच नाही, तो आधीच खाली बसलेला. ज्या विभागात बसलाय तिथे त्याची नोंद झालेली असते, त्यामुळे रिंग सरळ येते. बोलताना इंटरनेट थांबतं, कारण रेडिओ एकच आहे, पण फोन ठेवला की पहिलं सिम लगेच कामाला लागतं, ‘ई’वर अडकत नाही. बाहेर जाणारे कॉल आपोआप दुसऱ्या सिमवरून जातील असं सेटिंग करून दिलं. मी गच्चीवरून लावला, गल्लीच्या टोकावरून लावला, मामींनी स्वयंपाकघरातून लावला. मामा मागच्या खोलीत पलंगावर बसून दर वेळी पहिल्या रिंगला उचलत होते आणि वहीत बरोबरची खूण करत होते.

या सोयीचा एक फायदा नंतर लक्षात आला. मामा बँकेतली शिल्लक ‘स्टार नव्याण्णव हॅश’ लावून बघतात. यूपीआयची ॲप सेलफिशवर चालत नाहीत, पण ही सेवा जुन्या जाळ्याच्या कारभारातूनच चालते, त्यामुळे २जीवरच्या सिमवर ती बिनबोभाट मिळते. ओटीपीचे मेसेजही तिथेच येतात.

फोन म्हातारा होतोय तो दुसऱ्या बाजूंनी. बॅटरी एकदा बदलली. ॲक्वा फिशमधला अँड्रॉइड ॲप चालवणारा थर ४.४ वर थांबलेला आहे. २४ ऑक्टोबर २०२३ला व्हॉट्सॲपने ५.०च्या खालच्या आवृत्त्या सोडल्या, त्या दिवशी मामा आमच्या घरच्या गटातून गेले. मी त्यांना दुसरा फोन देऊ केला, त्यांनी घेतला नाही. आता ते मामींच्या फोनवर बघतात. त्यांच्या या निर्णयावर घरात बरंच बोलणं झालं. माझ्या आईचं म्हणणं, भावाला सांगून टाक की बास झालं. मी सांगितलं नाही. माणसाला स्वतःला कळणारं यंत्र हवं असतं आणि ते जोवर चालतंय तोवर काढून घेण्याचा अधिकार घरच्यांनाही नाही, असं मला मनापासून वाटतं.

पण हा सगळा डोलारा २जीवर उभा आहे, हे मामांना माझ्याइतकंच माहीत आहे. ३१ जुलै २०२०ला, देशातल्या पहिल्या मोबाइल कॉलला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, मुकेश अंबानींनी २जी इतिहासजमा करण्यासाठी धोरण आखावं असं जाहीर आवाहन केलं होतं. तीस कोटी लोक त्यात अडकून पडलेत, असं ते म्हणाले. बटणफोनवाल्यांसाठी पुढे स्वस्त ४जी फोन आले. ९९९ रुपयांचा जिओभारत २०२३मध्ये निघाला. वेगळ्या प्रणालीच्या फोनांचा विचार या चर्चेत कुणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

जिथे जुनं जाळं पूर्ण गेलं तिथे काय झालं ते उघड आहे. अमेरिकेत एटीअँडटीने २२ फेब्रुवारी २०२२ला ३जी बंद केलं आणि कुठले फोन चालतील त्याची यादी काढली. पाइनफोन हा लिनक्सवाल्यांचा लाडका फोन त्यात नव्हता. त्याच्या क्वेक्टेल मोडेममध्ये व्होएलटीई आहे, ते मोडेमच्या आतच चालतं आणि दुसऱ्या जाळ्यांवर त्यावरून कॉल लागतातही. यादीत नाव नाही एवढंच त्याचं चुकलं. ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं. २८ ऑक्टोबर २०२४ला टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोघांचं ३जी गेलं. तिथे नियमच झाला की ट्रिपल झिरो हा आणीबाणीचा नंबर ज्या फोनवरून लागणार नाही, त्याला कंपनीने जाळ्यावर घेऊच नये. मागचा हेतू प्राण वाचवण्याचा आहे आणि मामींची ती रात्र पाहिलेला मी त्याला नावं ठेवणार नाही. पण परदेशातून आणलेले, एरवी नीट चालणारे फोनही त्या तडाख्यात सापडले. सांगली-साताऱ्याकडून मेलबर्नला मुलांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी आपला फोन तिथे चालतो का हे निघण्याआधी तपासून घ्यावं.

आपल्याकडे २जी बंद करायची वेळ येईल तेव्हा कंपन्यांनी व्होएलटीईच्या सेटिंगा जाहीर कराव्यात आणि ठरलेल्या मानकाप्रमाणे नोंदणी करणाऱ्या कुठल्याही फोनला, नाव न विचारता, कॉल लावू द्यावा. मानक २०१० पासून छापील आहे, नव्याने काही शोधायचं नाही. सिम घेताना आपण बोलण्याचे पैसे भरतो; कुठल्या यंत्रातून बोलायचं हे ठरवणं त्यात कंपनीला विकलेलं नसतं.

मामांनी त्यांची तयारी सुरू केली आहे. गेल्या खेपेला गेलो तर वहीच्या शेवटच्या पानावर त्यांच्या जुन्या, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात चार ओळी होत्या. एक, जुना एक्स्पिरिया मिळतो का बघणे, त्यावर सेलफिशमध्ये व्होएलटीई आहे. दोन, आपल्या कंपनीच्या सिमवर ते चालतं का, आधी भाच्याच्या सिमने खात्री करणे. तीन, न चालल्यास नंबर बटणफोनात. चौथ्या ओळीत ११२ लिहून खाली रेघ मारली होती आणि पुढे कंसात: मामींच्या फोनवरून.